थिजलेलं तेल, थकलेले पगार: दक्षिण सुदानचं एक प्रकरण

थंडीत खोबरेल तेलाची बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवायची सवय आपल्या घराघरांत आहे. दक्षिण सुदानमधल्या पालोचच्या विहिरींतून निघणारं खनिज तेल त्याच जातीचं: घट्ट, आम्लयुक्त आणि मेणाने भरलेलं. ते थिजायला थंडी पडावी लागत नाही. आपल्या अंगाएवढी ऊब असेल तर ते जेमतेम वाहतं, ती गेली की जागच्या जागी बसतं. म्हणून पालोचपासून तांबड्या समुद्रावरच्या बंदरापर्यंत, जवळजवळ 1,400 किलोमीटर, ते तापवत आणि पंपाने ढकलत न्यावं लागतं. त्यासाठी वाटेतल्या पंपिंग स्टेशनांवर डिझेल पोचत राहायला हवं. आणि यातली बहुतेक वाट दुसऱ्या देशातून, सुदानमधून जाते.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुदानमधल्या यादवीला दहा महिने झाले होते. 4 आणि 5 क्रमांकांच्या स्टेशनांमधल्या पट्ट्यात लढाई चालू होती आणि डिझेल पोचत नव्हतं. तेल गार झालं, थिजलं, मागून दाब चढत गेला आणि पाइपलाइन फुटली. मार्चच्या मध्यावर सुदान सरकारने लेखी कळवलं की परिस्थिती हाताबाहेर गेली आहे, तेल वाहून नेण्याची जबाबदारी आता पाळता येणार नाही.

शेकडो किलोमीटर दक्षिणेला, राजधानी जुबामध्ये, शिक्षक, परिचारिका आणि शिपाई यांचे पगार आधीच उशिरा होत होते. ते आता महिनोन् महिने थकले. काहींना जवळजवळ वर्षभर काही मिळालं नाही. एका देशातला नळ फुटतो आणि शेजारच्या देशातल्या मास्तरांच्या घरची चूल अडते, हे कसं होतं ते नीट पाहण्यासाठी हे प्रकरण मी निवडलं आहे. दक्षिण सुदानबद्दल आपल्याकडे एक तर काहीच छापून येत नाही, किंवा 'तेल म्हणजे शाप' एवढ्या तीन शब्दांत विषय उरकला जातो. तो तेवढ्यात उरकण्यासारखा नाही.

जमीन आणि पाणी

9 जुलै 2011 रोजी सुदानपासून वेगळा होऊन स्वतंत्र झालेला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडा मोठा आहे, आणि लोकसंख्या मात्र एकट्या मुंबईएवढी. समुद्र कुठेच नाही. उत्तरेला सुदान, पूर्वेला इथिओपिया, खाली केनिया, युगांडा आणि काँगो, पश्चिमेला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक.

दक्षिणेकडून पांढरी नाईल आत शिरते. युगांडाच्या सीमेवरच्या निमुलेपासून जुबापर्यंत ती खडकांतून आदळत येते, म्हणून तिथे नावा चालत नाहीत. जुबाच्या पुढे जमीन इतकी सपाट होते की नदीला आपण कुठे चाललोय हेच कळेनासं होतं. ती पसरते आणि पाणवनस्पतींच्या जंगलात हरवते. या अफाट दलदलीला अरबीत 'सद्द' म्हणतात, म्हणजे अडथळा. इथे येणारं जवळजवळ निम्मं पाणी वाफ होऊन उडून जातं. भोवतालची जमीन काळी, चिकण, कापसाची. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला ती वेगळी समजावून सांगायला नको: उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा, पावसात गुडघाभर चिखल. त्यावर मुरूम आणि खडी टाकायची तर जवळ डोंगर नाही. त्यामुळे पावसाळ्याचे महिने गावं एकमेकांपासून तुटतात. 2019 पासूनच्या पुरांनी तर कहर केला. तेलक्षेत्राचं मुख्य शहर बेंतियू 2021 नंतर मातीच्या बांधांच्या आत बेटासारखं उभं आहे, आणि चहूबाजूंचं पाणी वर्षं उलटली तरी ओसरलेलं नाही.

पीक ज्वारीचं. ज्वारी आपली म्हणून आपण अभिमान बाळगतो, पण तिचं मूळ घर आफ्रिकेचा हाच ईशान्य पट्टा. तिथे ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात आणि 'किसरा' करतात. आपल्या आंबोळीची सख्खी बहीण शोभावी. दक्षिणेकडच्या इक्वेटोरियात पाऊस आणि माती इतकी चांगली आहे की तिथून साऱ्या देशाला धान्य पुरवता यावं. प्रत्यक्षात जुबाच्या बाजारातलं पीठ, कांदा, टोमॅटो युगांडातून ट्रकने येतात.

आणि गुरं. दिंका आणि नुएर या दोन मोठ्या समाजांत लग्न ठरतं ते गाईंच्या संख्येवर, भांडण मिटतं तेही गाई देऊन. गुरांची संख्या माणसांच्या बरोबरीची सांगतात. मलाकालमधली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची भारतीय तुकडी तिथे जनावरांचा दवाखाना चालवते आणि लोक लांबून गुरं घेऊन येतात. 2019 ते 2022 या काळात त्या साऱ्या शांतिसेनेचे सेनापती लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. एवढं पशुधन असून त्यातून देशाच्या तिजोरीत जवळजवळ काही येत नाही, कारण मांस किंवा कातडं बाहेर न्यायला ना रस्ता आहे ना कत्तलखाना.

कालवा आणि तेल

तेलाआधी एक कालवा होता. सद्दमध्ये वाया जाणारं पाणी वळवून प्रवाहाच्या पुढे उत्तर सुदान आणि इजिप्तला द्यायचं, म्हणून 1978 मध्ये जोंगलेई कालव्याचं काम सुरू झालं. लांबी ठरली 360 किलोमीटर. त्यासाठी पाकिस्तानातल्या एका कालव्यावर राबलेलं अजस्र चाकाचं खोदयंत्र सुटं करून आणलं. सुमारे 240 किलोमीटर खोदून झाल्यावर 1984 मध्ये बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे काम थांबलं. या बंडखोरांचे पुढारी जॉन गरांग यांनी 1981 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती, आणि प्रबंधाचा विषय याच जोंगलेई भागाचा विकास हा होता. कालवा कोणासाठी खोदला जातोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते यंत्र आजही तिथेच गंजत उभं आहे.

तेलाचंही तेच झालं. शेवरॉन या अमेरिकी कंपनीला 1970 च्या दशकाच्या अखेरीस बेंतियूजवळ तेल लागलं. साधारण त्याच दशकात, फेब्रुवारी 1974 मध्ये, 'सागर सम्राट'ने आपलं मुंबई हाय शोधलं. तिथून किनारा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, तेल समुद्राखालच्या नळातून थेट उरणला. नळाच्या दोन्ही टोकांना एकच देश, एकच सरकार. बेंतियूच्या तेलाला समुद्र दीड हजार किलोमीटर लांब होता आणि मधल्या वाटेवर सुदानच्या राजधानीची, खार्टुमची सत्ता. शुद्धीकरण कारखाना बेंतियूला हवा ही दक्षिणेची मागणी धुडकावून तो उत्तरेत कोस्तीला करायचं ठरलं. तेलाचा भाग उत्तरेत यावा म्हणून सीमा हलवण्याचाही घाट घातला गेला. 1983 मध्ये दक्षिणेतल्या बोरला सैनिकांनी बंड केलं आणि उत्तर-दक्षिणेतली दुसरी यादवी पेटली. 1984 मध्ये शेवरॉनची माणसं मारली गेली, कंपनीने काम थांबवलं.

पुढे चीन, मलेशिया आणि कॅनडाच्या कंपन्या आल्या. बेंतियूच्या उत्तरेला, सुदानच्या बाजूला असलेल्या हेगलिगपासून पोर्ट सुदानजवळच्या बशायर बंदरापर्यंत सुमारे 1,600 किलोमीटरची पाइपलाइन 1999 मध्ये पुरी झाली. कॅनडाच्या टॅलिझमन कंपनीवर, तेलासाठी गावं उठवली जात असताना तिथे राहिल्याबद्दल, मायदेशातच टीकेची झोड उठली. तिने आपला 25 टक्के हिस्सा 2003 मध्ये विकला. तो घेतला आपल्या ओएनजीसी विदेशने, आणि त्या तेलाची जहाजं मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्याला लागली. भारतीय वाचकाने हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. या प्रकरणात आपण नुसते प्रेक्षक नाही, आपण भागीदार आहोत. पालोचची दुसरी पाइपलाइन 2006 मध्ये सुरू झाली. तीही उत्तरेलाच, त्याच बंदराकडे.

स्वातंत्र्य मिळालं, नळ तिकडेच राहिला

जानेवारी 2005 च्या शांतता कराराने दक्षिणेतल्या तेलाचं निव्वळ उत्पन्न उत्तर-दक्षिणेत निम्मं-निम्मं वाटायचं ठरलं. जानेवारी 2011 च्या सार्वमतात 98.83 टक्के लोकांनी वेगळं होण्याला मत दिलं. फाळणीत सुमारे तीन चतुर्थांश तेल दक्षिणेच्या वाट्याला आलं. पाइपलाइनी, बंदर, शुद्धीकरण कारखाने सगळं उत्तरेला. नव्या सरकारच्या दर शंभर रुपयांतले 98 रुपये तेलाचे होते, आणि ते तेल ज्या नळातून जाणार त्याचं भाडं किती, हे स्वातंत्र्याच्या दिवशीही ठरलेलं नव्हतं.

या प्रकरणातली पहिली चूक माझ्या मते इथे आहे. झेंडा फडकण्याआधी भाडं लिहून घ्यायला हवं होतं. नंतर घासाघीस करताना एका बाजूच्या हातात तोटी होती आणि दुसरीच्या हातात बादली.

सुदानने पिंपामागे 36 डॉलर मागितले. दक्षिणेने नुसत्या वाहतुकीपोटी एक डॉलरहूनही कमी देऊ केला. बोलणी अडली तसं सुदानने बंदरातलं दक्षिणेचं तेल परस्पर उचलायला सुरुवात केली. जुबाने ही सरळ चोरी ठरवली आणि 20 जानेवारी 2012 रोजी मंत्रिमंडळाने उत्पादनच बंद करायचा निर्णय घेतला. रोजचं सुमारे साडेतीन लाख पिंपं तेल दोन आठवड्यांत थांबलं. जुबात लोकांनी रस्त्यावर येऊन या निर्णयाला पाठिंबा दिला. बावीस वर्षं लढलेल्या माणसांनी आणखी लुबाडून घ्यायचं नाही असं ठरवलं, तो संताप मला शंभर टक्के कळतो. पण स्वतःचीच 98 टक्के मिळकत स्वतःच्या हाताने तोडल्यावर त्या वर्षी अर्थव्यवस्था जवळजवळ निम्म्याने आकसली. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या फौजेने हेगलिग ताब्यात घेतलं आणि जगाच्या दबावाखाली दहा दिवसांत सोडलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांनी 75 आजी-माजी अधिकाऱ्यांना पत्र लिहून, सरकारी तिजोरीतून गायब झालेले 4 अब्ज डॉलर परत करा, अशी विनंती केली. राष्ट्राध्यक्षाला विनंती करावी लागते यातच सगळं आलं.

पिंपामागचा हिशेब

27 सप्टेंबर 2012 रोजी आदिस अबाबात तोडगा निघाला. पालोचच्या पाइपलाइनसाठी पिंपामागे 9.10 डॉलर, बेंतियूकडच्या पाइपलाइनसाठी 11 डॉलर. शिवाय फाळणीत सुदानचं उत्पन्न बुडालं म्हणून तीन अब्ज डॉलरची भरपाई, तीही पिंपामागे 15 डॉलर कापून. म्हणजे पालोचच्या प्रत्येक पिंपातून 24.10 डॉलर आणि बेंतियूच्या पिंपातून 26 डॉलर आधी सुदानला. तेल शंभराच्या वर असताना हे चालून गेलं, पण रक्कम ठोक होती, भावाशी बांधलेली नव्हती.

जानेवारी 2016 मध्ये जगाच्या बाजारात तेल 30 डॉलरच्याही खाली घसरलं. पालोचचं तेल मेणट आणि आम्लयुक्त असल्याने त्याला बाजारभावापेक्षा कमीच मिळतं. त्यातून 24.10 गेले, कंपन्यांचा खर्च गेला. जुबाच्या हातात काय उरणार? आपल्याकडे बाजारसमितीत कांदा विकून आल्यावर हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्यालाच खिशातून पैसे भरावे लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. एका अख्ख्या देशाची तशी गत झाली. त्याच वर्षी दर भावाशी जोडून नव्याने ठरवावे लागले.

आणि तोवर देश स्वतःशीच लढत होता. डिसेंबर 2013 मध्ये कीर आणि त्यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या वैरातून जुबात गोळीबार सुरू झाला, आठवड्याभरात तो तेलक्षेत्रात पोचला. बेंतियूकडच्या विहिरी बंद पडल्या, उत्पादन दीड-पावणेदोन लाख पिंपांवर आलं. दक्षिण सुदानी पौंडाचा डॉलरशी असलेला तीनच्या आतला दर सरकारने डिसेंबर 2015 पर्यंत कागदावर धरून ठेवला. ज्यांची ओळख होती त्यांनी सरकारी दराने डॉलर घेतले आणि बाजारात कित्येक पटींनी विकले. दर मोकळा सोडताच तो एका दिवसात अठराच्या पलीकडे गेला. ऑक्टोबर 2016 मध्ये महागाई वर्षाला आठशे टक्क्यांवर होती. सप्टेंबर 2018 मध्ये तह होईपर्यंत युद्धाने आणि त्याच्या परिणामांनी सुमारे चार लाख माणसं गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे.

2024: नळ फुटल्यावर

मागचं हे सगळं माहीत असलं की 2024 चं नवल वाटत नाही. 15 एप्रिल 2023 रोजी सुदानची फौज आणि निमलष्करी 'शीघ्र मदत दल' यांच्यात लढाई जुंपली. ऑक्टोबरमध्ये खार्टुमजवळचं अल-ऐलाफून, जिथे पंपिंग स्टेशन आहे, निमलष्करी दलाने घेतलं. बंदर फौजेकडे, मधली वाट दलाकडे. जुबाला दोघांचीही मर्जी राखायची होती, आणि एकाशी बोललं की दुसरा रुसत होता. त्यात सुदानमधून पळून येणाऱ्यांचा लोंढा रेंकच्या नाक्यावर सुरू झाला. 2025 उजाडेपर्यंत दहा लाखांच्या आसपास माणसं आली. रेंक आणि पालोच एकाच राज्यात आहेत. तेल ज्या वाटेने वर जायचं, त्याच बाजूने माणसं खाली येत होती.

पाइपलाइन फुटली तेव्हा देशाच्या निर्यातीचा मोठा वाटा पालोचच्या तेलाचा होता. बेंतियूकडची लाइन चालू राहिली खरी, पण तिच्यातून येणारं तेल थोडं. सरकारने काय केलं? सरहद्दीवर नवे कर लावले. निमुलेच्या नाक्यावर ट्रक अडकले, त्यात संयुक्त राष्ट्रांच्या डिझेलचे टँकरही होते. डिझेल नाही म्हणून विमानातून धान्य टाकायचं काम थांबलं. ते धान्य ज्यांच्यासाठी होतं ते 60 हजार लोक असे होते की त्यांच्यापर्यंत पावसाळ्यात दुसरा मार्गच नाही. ओरड झाली, कर मागे घेतले गेले. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त हलवून गेली ती ही गोष्ट. तेलाचा पैसा थांबताच राज्ययंत्रणेचा हात पहिल्यांदा पोचला तो उपाशी माणसाच्या ताटापर्यंत, कारण दुसऱ्या कशावर कर लावावा असं तिने तेरा वर्षांत उभंच केलं नव्हतं.

पौंड वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला अकराशेच्या घरात होता, वर्षअखेरीस चार हजारांच्या आसपास. पगार मिळाला तरी त्यात किती दिवसांचं पीठ येणार? शिक्षक शाळा सोडून विटा पाडायला, बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवायला जाऊ लागले. डिसेंबरमध्ये व्हायची निवडणूक सप्टेंबरमध्येच दोन वर्षांनी पुढे ढकलली गेली. मलेशियाची पेट्रोनास जवळजवळ तीन दशकांचा मुक्काम आटोपून त्याच वर्षी बाहेर पडली.

दुसरी पाइपलाइन हा उपाय होता का?

हे प्रकरण सांगितलं की बहुतेक जण म्हणतात, मग केनियातून दुसरी लाइन का नाही टाकली? प्रयत्न झाला होता. 2 मार्च 2012 रोजी केनियातल्या लामू बंदरात केनिया, इथिओपिया आणि दक्षिण सुदानच्या नेत्यांनी मिळून एका मोठ्या प्रकल्पाचा नारळ फोडला. बंदर, रस्ता, रेल्वे आणि तेलवाहिनी. बंदर झालं, तेलवाहिनी नाही.

माझं मत असं की ती न झाल्याने फार बिघडलं नाही. तेच मेणट तेल, तीच तापवत नेण्याची खटपट, अब्जावधींचं कर्ज, आणि विहिरी म्हाताऱ्या होत चाललेल्या. त्यांतून आता तेलापेक्षा पाणीच जास्त येतं, आणि ते दूषित पाणी कुठे सोडतात यावरून पालोच आणि बेंतियूच्या आसपासची गावं वर्षानुवर्षं तक्रारी करत आली आहेत. कर्ज फिटण्याआधी तेल आटलं असतं.

खरी संधी दुसरीकडे हुकली. 2013 च्या तेल महसूल कायद्यात दोन निधी लिहिलेले आहेत, एक पडत्या काळासाठी, एक पुढच्या पिढ्यांसाठी. तेल काढणाऱ्या राज्यांना 2 टक्के आणि तिथल्या लोकांना 3 टक्के देण्याची तरतूदही आहे. पडत्या काळाच्या निधीत वर्षभराचे पगार साठले असते तरी 2024 हे वर्ष वेगळं गेलं असतं. उलट सरकार कितीतरी वेळा अजून जमिनीतून न निघालेलं तेल व्यापाऱ्यांना आगाऊ विकून उचल घेत राहिलं. उसाच्या फडावर उचल घेतलेल्या माणसाला जसा पुढच्या हंगामाचा हिशेब कधी जुळत नाही, तसंच. स्वातंत्र्यानंतर उभा राहिलेला पहिला लांब पक्का रस्ता, जुबा ते निमुले 192 किलोमीटर, 2012 मध्ये पुरा झाला तो अमेरिकेच्या मदतीतून. तेलाच्या पैशातून इक्वेटोरियाची ज्वारी उत्तरेकडच्या भुकेल्या जिल्ह्यांपर्यंत नेणारा बारमाही रस्ता झाला असता तर नळ फुटल्यावर निदान ताट रिकामं राहिलं नसतं.

जानेवारी 2025 मध्ये सुदानने मार्च 2024 ची ती लेखी सूचना मागे घेतली आणि पालोचचं तेल पुन्हा हळूहळू वर सरकू लागलं. मार्चमध्ये माचार नजरकैदेत गेले, सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर खटला उभा राहिला. 8 डिसेंबर 2025 रोजी निमलष्करी दलाने हेगलिग घेतलं, बेंतियूच्या तेलाची वाट जिथून जाते ते ठाणं. मग तिन्ही बाजूंत समझोता होऊन तिथल्या तेल-संचाच्या राखणीला दक्षिण सुदानचेच सैनिक उभे राहिले. 2012 मध्ये ज्या हेगलिगमधून त्यांना माघारी बोलावलं होतं, तिथेच आता ते दोन्ही शत्रूंच्या संमतीने पहारा देऊ लागले.